लातूर ते नांदेड, बोगद्यातून

नेटवर्कचं काम करणाऱ्याकडं दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक वायरचे तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे आम्ही दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन मोकळे होतो. किस्से मात्र भंगारवालाही घेत नाही! ते साचत राहतात, आणि कुणी सहज विचारलं, "काय मॅडम, काय चाललंय?" की धडाधड अंगावर पडतात.

आधी आमची मंडळी सांगते. दुकान लातुरात. मालक सलीमभाई. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सलीमभाईंनी त्याच दुकानात आधी टीव्ही उघडले, मग कॉम्प्युटर, मग नेटवर्क. पाटी मात्र शेवटपर्यंत रेडिओचीच. दुसरी मी, वैशाली. मूळची मुरुडची, डिप्लोमा लातूरच्या पॉलिटेक्निकचा. तिसरा उमाकांत, देगलूरचा. नांदेडची कामं तो बघायचा. घाबरला की उमाकांत तेलुगूत बोलायचा, आणि आमच्या धंद्यात घाबरायचे प्रसंग रोजचेच!

आता काम काय, तेही सांगते. समजा लातूरच्या एका कॉम्प्युटरला नांदेडच्या कॉम्प्युटरशी बोलायचंय. ते बोलणं इंटरनेटच्या भर बाजारातनं जातं. कुणीही कान लावू शकतं. म्हणून त्या बोलण्याभोवती एक कुलूपबंद नळी घालायची. तिला म्हणतात टनेल, म्हणजे बोगदा. आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक पेटी बसवायची, जी ओळख पटल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. ती गेटवे. एवढंच. बाकी सगळं माणसांचं.

* * *

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हलगरकर सर, केमिस्ट्रीचे. त्या काळात लातुरात क्लासेसचं असं पीक आलं होतं की लोक डाळमिलची गोदामं रिकामी करून बेंच टाकत होते. सरांचा मोठा हॉलही पूर्वीचं तुरीचं गोदामच. पहिल्या रांगेतली पोरं अधनंमधनं शिंकायची, सर म्हणायचे, "शिंका येतात म्हणजे डोकं उघडायलंय!"

सरांनी नांदेडला शाखा काढली. टेस्टचा पेपर लातुरात तयार व्हायचा आणि एसटीच्या पार्सलनं नांदेडला जायचा. एकदा काय झालं, पेपर पोचायच्या आधी नांदेडात उत्तरं पोचली! सर तडक आमच्या दुकानात आले.

"सलीमभाई, पेपर असा गेला पाहिजे की वाऱ्यालाही पत्ता लागू नये."

सलीमभाईंनी त्यांना टनेल समजावून सांगितला. कागदावर दोन पेट्या काढल्या, मधे नळी काढली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाखवा."

"काय दाखवू?"

"टनेल."

"सर, तो दिसत नाही."

"दिसत नाही तर आहे कशावरून?"

सलीमभाई वैतागले. "सर, तुम्ही एवढी वर्षं इलेक्ट्रॉन शिकवायलात. तो दिसतो काय कधी?"

आम्हाला वाटलं, जिंकलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"इलेक्ट्रॉन सिलॅबसमध्ये आहे!"

* * *

नांदेडची पेटी आम्ही पार्सलनं पाठवली, तेव्हा उमाकांत नेमका बहिणीच्या साखरपुड्याला देगलूरला गेलेला. शाखेच्या मॅनेजरनं फोन केला, "मॅडम, पेटी आली. कुठं ठेवू?"

मी म्हणाले, "ती गेटवे आहे. लाइन येते तिथं लावा."

फोनमध्ये खरखर. त्यांनी ऐकलं, "गेटवर."

मग काय, पेटी गेली थेट गेटवर! वॉचमनच्या खोलीत, खिडकीत, माठाशेजारी. आणि गंमत म्हणजे टेलिफोनची लाइन बिल्डिंगमध्ये शिरायची ती तिथूनच, त्यामुळं पेटी चालूही झाली.

वॉचमन दिगंबरमामा, कामाला एकदम चोख माणूस. त्यांनी मॅनेजरला विचारलं, "हे काय करतंय?" मॅनेजर म्हणाले, "हे ओळख विचारतं. ओळख पटली तरच आत."

दिगंबरमामांनी ते शब्दशः घेतलं.

उमाकांत साखरपुडा आटोपून आला, तर गेटवर ही रांग! पोरं, पालक, दूधवाला, एक इन्स्पेक्शनला आलेले साहेब. सगळे उन्हात उभे. मामा खिडकीत वाकून पेटीकडं बघताहेत.

"काय झालं मामा?"

"दिवा लाल हाय. थांबा."

"अहो, ही पेटी बसवणारा मीच!"

"आसाल. पण तिनं म्हणायला पाहिजे."

उमाकांतनं खिडकीतून पाहिलं. पेटी गरम होते म्हणून मामांनी जेवणाचं गाठोडं तिच्यावर ठेवलेलं, भाकरी ऊन राहावी म्हणून. हवा कोंडून पेटी तापली होती आणि लाल दिवा लावून ओरडत होती. गाठोडं उचललं, थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला, आणि मामांनी सगळ्यांना एकदम आत सोडलं. सगळ्यात आधी इन्स्पेक्शनच्या साहेबांना. म्हणाले, "जावा, तुमची ओळख पटली."

आम्ही सरांना सांगितलं, पेटी आत हलवतो. सर म्हणाले, "अजिबात नाही! दिव्याच्या भीतीनं उशिरा येणारी पोरं बंद झालीत."

* * *

बोगद्याच्या दोन्ही पेट्यांना एकच गुप्त किल्ली द्यावी लागते. किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. इकडं एक अक्षर चुकलं की तिकडं दार बंद.

एकदा दुपारच्या टेस्टच्या तोंडावर नांदेडची पेटी सगळं विसरून बसली. सलीमभाई आणि मी नांदेडलाच निघालो होतो, एसटीत. अहमदपूर अजून यायचं होतं. पोचेपर्यंत थांबता येईना. शेवटी सलीमभाईंनी उमाकांतला फोन लावला आणि बसमधनंच किल्ली सांगायला सुरुवात केली. आता सलीमभाईंचा आवाज! लहानपणापासून चालू रेडिओंच्या दुकानात बोलायची सवय. अख्ख्या एसटीला किल्ली ऐकू जायला लागली.

"के! के फॉर किल्लारी! एम! एम फॉर मुरुड! पुढं झेड! झेड फॉर... झेड फॉर..."

सलीमभाई अडले. पुढच्या सीटवरनं एक धोतरवाले आजोबा मागं वळून म्हणाले, "झेडपी!"

"हां, झेड फॉर झेडपी! शुक्रिया बाबा. मग क्यू. क्यू फॉर?"

आता बस जागी झाली. कुणी काही, कुणी काही. शेवटी ड्रायव्हर गाडी चालवता चालवता ओरडला, "क्वालिस!"

सगळी माळ संपली. सलीमभाई घामाघूम. "लागली का रे किल्ली?"

"लागायली नाही भाई," उमाकांत रडकुंडीला, आधी तेलुगूत, मग मराठीत.

"काय टाकलंस ते वाच बरं."

उमाकांत वाचायला लागला. "के. एफ. ओ. आर. के. आय. एल. एल..."

पठ्ठ्यानं "के फॉर किल्लारी" अख्खंच्या अख्खं टाकलं होतं! पहिल्यापासून परत. या वेळी तर प्रवासी सलीमभाईंच्या आधीच सांगायला लागले होते. जी गोष्ट वाऱ्यालाही कळायची नव्हती ती एका अख्ख्या एसटीला तोंडपाठ!

अहमदपूरला पाणी प्यायला उतरलो, तर कंडक्टर हळूच जवळ आला. इकडंतिकडं बघून कुजबुजला,

"साहेब, शेवटचा अंक आठच होता ना? मागच्या सीटवाले नऊ म्हणायलेत."

* * *

एक छोटा सांगते. एका डाळमिलच्या शेठना लातूरची मिल आणि उदगीरचं गोदाम जोडून हवं होतं. आमच्या बोगद्याचं कागदावरचं नाव व्हीपीएन. मी म्हणाले, "शेठ, व्हीपीएन करून घ्या."

"पोस्टानं येतंय काय?"

"नाही शेठ, ते व्हीपीपी, पैसे देऊन सोडवायचं पार्सल."

शेठनी जरा विचार केला. "मग नको. पोस्टमन ओळखीचा हाय!"

* * *

गेटवेमध्ये एक गाळणीही असते. नको त्या गोष्टी ती अडवते. नांदेडची पोरं लॅबमध्ये क्रिकेट बघतात अशी तक्रार आली, म्हणून सरांनी आमच्यासमोर बसून स्वतः शब्द लिहून दिले. हे शब्द जिथं दिसतील तिथं अडवायचं. गेम, साँग, स्कोअर, मॅच.

सलीमभाईंनी विचारलं, "सर, नीट विचार केलाय ना?"

"शिस्तीला विचार लागत नाही!"

पुढच्या आठवड्यात टेस्ट. पेपर भागाभागानं जायचा. लातुरातनं सगळे भाग निघाले, नांदेडात पोरांनी पेपर सोडवला. निकाल लागला आणि सर चाट पडले. नांदेडची पोरं लातूरच्या पोरांच्या कितीतरी पुढं!

सरांनी लातूरच्या बॅचला हॉलमध्ये उभं केलं. सरांचं लेक्चरही आता बोगद्यातून नांदेडच्या पडद्यावर दाखवायचं होतं, म्हणून मी मागं कॅमेऱ्याची वायर ओढत होते. सर म्हणाले, "लाज वाटू द्या! नांदेडच्या पोरांकडं बघा. तिथं ना तुमच्यासारख्या सोयी, ना हॉल. तरी बघा, सगळ्यात अवघड भागात एकाचाही एक मार्क गेला नाही!"

वायर घेऊन मी दाराबाहेर आले, तेवढ्यात उमाकांतचा मला फोन. "मॅडम, पेपरचा एक भाग गेटवेनं अडवून ठेवलाय. तो पोरांना मिळालाच नाही. मॅनेजरनं त्याचे मार्क सगळ्यांना फुकट दिलेत."

"कुठला भाग?"

"मॅच द फॉलोइंग!"

* * *

गेटवेला नुसता पासवर्ड पुरत नाही. ज्याचं दार त्याच्या मोबाइलवर एक आकडा येतो, तो टाकला तरच उघडतं. दुहेरी खात्री. चोराला पासवर्ड मिळाला तरी मोबाइल कुठनं आणणार?

सरांच्या क्लासचा नियम: हॉलच्या आत मोबाइल नाही. विद्यार्थ्यांचा नाही, पालकांचा नाही, स्वतः सरांचाही नाही. दारात शकुंतलामावशी बसायच्या. मोबाइल घ्यायच्या, पितळी बिल्ला द्यायच्या. बिल्ला दाखवल्याशिवाय मोबाइल परत नाही. हा नियम मावशींना सरांनीच शिकवलेला, आणि मावशी म्हणजे पक्क्या.

त्या दिवशी नांदेडची पोरं पडद्यासमोर बसलेली, लेक्चर सुरू व्हायचंय, आणि गेटवेनं आकडा मागितला. आकडा सरांच्या मोबाइलवर. मोबाइल मावशींच्या टोपलीत. सर बाहेर आले.

"मावशी, माझा फोन द्या."

"बिल्ला?"

सरांनी खिसे चाचपले. बिल्ला नाही. "अहो मावशी, मी हलगरकर!"

"ते मला दिसतंय की. बिल्ला?"

"मीच ठेवलंय ना तुम्हाला कामावर!"

"म्हणूनच म्हणायले. तुमच्यासारखं दिसणारं कुणी आलं आन् घेऊन गेलं, तर तुम्ही कुणाला बोलणार? मलाच ना?"

लाइन बघायला आम्ही तिथंच होतो. सरांनी आमच्याकडं पाहिलं. सलीमभाई हात बांधून, अगदी भक्तिभावानं मावशींकडं बघत होते.

"सर, आम्ही जी पेटी बसवली ना, ती हीच आहे. फक्त ही चहा पिते!"

* * *

लातूरच्या लाइनला तेव्हा इंटरनेटवर कायमचा पत्ता नव्हता, रोज बदलायचा. म्हणून सलीमभाईंनी मधे एक भाड्याचा सर्व्हर घेतला. तो होता जर्मनीत. म्हणजे नांदेडचं बोलणं आधी जर्मनीला जायचं, तिथनं लातूरला. आम्हाला काही फरक पडत नव्हता. कॉम्प्युटरला मात्र वाटायचं, आपण जर्मनीत बसलोय.

लोह्याहून एक गुरुजी मुलीचा प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला नांदेडच्या शाखेत आले. मुलीनं सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर आलं की तुम्ही भारताबाहेर असल्यामुळं अर्ज घेता येत नाही. बाजूला जाहिरात, तीही जर्मनमधे. गुरुजींनी उमाकांतला विचारलं, हे काय? उमाकांतनं प्रामाणिकपणे सांगितलं, "कॉम्प्युटरच्या हिशेबानं तुमची मुलगी आत्ता जर्मनीत आहे."

गुरुजींनी खुर्चीतल्या मुलीकडं पाहिलं. पडद्याकडं पाहिलं. मग मोबाइल काढून लोह्याला बायकोला फोन लावला.

"आगं, आपली पोरगी जर्मनीत हाय म्हणायलेत."

तिकडून आवाज आला, "मग जेवली का विचारा की!"

उमाकांतनं त्यांना शेजारच्या कॅफेत नेऊन अर्ज भरून दिला आणि आम्हाला सांगितलं. अर्जाचा विषय म्हणजे गंभीर, वर्षाचा प्रश्न. आम्ही घाईनं नवीन लाइन घेतली, जर्मनी काढून टाकली, नांदेड सरळ लातूरला जोडलं. सलीमभाई सरांना अभिमानानं सांगायला गेले.

"सर, आता जर्मनीचा काही संबंध नाही!"

सरांचा चेहरा पडला. "असं कसं करता? 'आता जर्मन टेक्नॉलॉजी' असे बोर्ड लागलेत सगळ्या नांदेडात. परत जोडा!"

* * *

लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला पाइपलाइनचं काम निघालं आणि जेसीबीनं आमची केबल उचकटली. भर लेक्चरात नांदेडचा पडदा काळा झाला. उमाकांतनं मॅनेजरला सांगितलं, "टनेल पडलाय." आमच्या भाषेत टनेल पडला म्हणजे बंद पडला. मॅनेजर बाहेर पालकांना म्हणाले, "टनेल पडलाय, पोरं अडकलीत." त्यांना म्हणायचं होतं, लेक्चर अडकलंय.

एका पालकानं लातूरला मेव्हण्याला फोन केला. "बोगदा पडला, पोरं अडकलीत!" आणि आमचा मुलूख भूकंप सोसलेला, तो कसा आहे हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. पडणं आणि अडकणं हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणूस चपला घालायच्या आधी पळत सुटतो.

बोगदा सलीमभाईंनी बांधलाय, एवढं गावाला ऐकून ठाऊक. थोड्याच वेळात आमच्या दुकानासमोर माणसं. एकाच्या हातात पहार. दोघांनी दोर आणलेला. एक बाई डेगभर ताक घेऊन आल्या, अडकलेल्यांना बाहेर काढल्यावर लागंल म्हणून. मागोमाग एका पेपरचा वार्ताहर.

"बोगदा नेमका कुठं?"

सलीमभाई म्हणाले, "लातूर ते नांदेड."

वार्ताहरानं वहीचं नवं पान उघडलं. "एवढा लांब? कधी बांधला?"

"गेल्या वर्षी."

"आणि पोरं? किती जण आत आहेत?"

"होती सगळी बॅच. आता चहाला गेली."

वार्ताहरानं लिहिणं थांबवलं. सलीमभाईंनी त्याला आत बसवून कागदावर दोन पेट्या काढल्या, मधे नळी काढली. बाहेर मी सगळ्यांना समजावत होते. कुणी चिडलं नाही. पहारवाल्यानं पहार खाली ठेवली, खाली बसला आणि मोठा श्वास सोडला. त्या बाईंनी डेगीवरचं झाकण काढलं.

"कुणी अडकलं न्हाई ना? मग तुम्हीच प्या सगळे."

आम्ही भरल्या रस्त्यात उभं राहून ताक प्यालो. वार्ताहरानं दोन पेले घेतले. जाताना विचारलं, "मॅडम, बातमी काय देऊ?"

मी म्हणाले, "जेसीबीनं केबल तोडली."

"हॅ! ती रोजचीच!"

* * *

आता तात्यांचं सांगते.

तात्या म्हणजे हलगरकर सरांचे चुलते, किल्लारीचे. सरांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं. भूकंपात जुनं गाव गेलं, नवं गाव वसलं, तात्यांना पक्कं घर मिळालं. तात्यांनी त्या घरात धान्य ठेवलं, भांडी ठेवली, देव ठेवले. स्वतः मात्र अंगणात बाजेवर राहिले. एवढी वर्षं! पाऊस आला तर बाजेवर ताडपत्री. जेवणसुद्धा बाहेर.

सरांनी लातुरात फ्लॅट घेतला तेव्हा तात्यांना आणायला गाडी पाठवली होती. तात्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कितवा मजला?" तो म्हणाला, "तिसरा." गाडी रिकामी परत आली.

सरांना आयुष्यात एकच हौस राहिली होती. तात्यांनी आपल्याला शिकवताना बघावं. पण तात्या हॉलमध्ये येणार कसे? हॉलला छत होतं! म्हणून सर एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "सलीमभाई, टनेल किल्लारीपर्यंत न्या."

मी जीपनं गेले. बाजेशेजारी लोखंडी स्टूल मांडलं, त्यावर स्क्रीन, वर मोठी छत्री बांधली. तात्या पाय खाली सोडून बघत होते.

"ह्याला काय म्हणत्यात, पोरी?"

"टनेल. बोगदा म्हणा, तात्या."

तात्यांनी बाजेवरनं खाली सोडलेले पाय हळूच वर घेतले.

"घाबरू नका, जमिनीतून नाही तो!"

"मग ते रस्त्याच्या कडंला खंदून काय घालायलेत?"

"ती... केबल."

"जमिनीतच की."

"हो, तात्या."

"खरं बोललीस. बरं केलंस."

स्क्रीन चालू झाला. सर फळ्यासमोर उभे, समोर सगळी पोरं. तात्या पुढं वाकले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. तात्या म्हणाले, "पोरं लई दाटून बसल्यात."

त्या दिवसापासून तात्या रोज बाजेवर बसून लेक्चर बघायचे. सर हरखून गेले. भेटेल त्याला सांगायचे, "तात्या रोज बघतात! एक दिवस चुकवत नाहीत! इक्विलिब्रियम चालू आहे, समजतंय त्यांना!" इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. फळ्यावरचं अक्षरसुद्धा सुधारलं.

मीच हौसेनं तात्यांच्या स्टुलावर माईकही जोडून दिला होता, आणि हॉलमध्ये स्पीकर. काका-पुतण्याला बोलता यावं म्हणून. तात्या कधी बोलले नाहीत. फक्त बघायचे.

एक दिवस मी हॉलमध्ये कॅमेरा सरळ करत होते. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. आणि छताजवळच्या स्पीकरमधनं आवाज आला,

"पोरं भाईर काढ."

सगळ्या पोरांच्या माना वर गेल्या. सर वळले. "तात्या? लेक्चर चालू आहे..."

"भाईर काढ म्हणलं ना!"

सरांचा चेहरा मी पाहिला. खडू हातातनं सुटला. त्या क्षणी ते केमिस्ट्रीचे सर नव्हते, किल्लारीचं लेकरू होते.

"उठा! सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या!"

एकच गोंधळ! बेंच आडवे झाले. पोरं दाराशी अडली, कारण दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि जो तो आपली चप्पल शोधायला लागला. सर ओरडले, "अनवाणी पळा!" शकुंतलामावशी मोबाइलची टोपली डोक्यावर घेऊन पळाल्या. मी कॅमेरा तसाच सोडला.

समोर मोकळं मैदान होतं, सगळे तिथं उभे राहिलो. आणि लातुरात एवढी माणसं एकदम बाहेर येऊन उभी राहिली की "का?" असं कुणी विचारत नाही. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. हॉटेलातली गिऱ्हाइकं हातात प्लेटा घेऊन आली. समोरच्या क्लासवाल्यानं, ज्याच्याशी सरांचा उभा दावा, त्यानंसुद्धा सगळी बॅच बाहेर काढून आमच्या शेजारी आणून उभी केली. सलीमभाई दुकानातनं धावत आले, मला बघितलं, आणि "अल्ला" म्हणून खालीच बसले.

सगळे बिल्डिंगकडं बघत होते. बिल्डिंग आपली उभी. कठड्यावर एक कावळा बसला होता. तोही हलला नाही.

काही झालं नाही.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "चला मॅडम, विचारू." आम्ही दोघं आत गेलो. रिकामा हॉल, आडवे बेंच, सांडलेल्या वह्या. सर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

"तात्या, काय झालं? तिकडं हादरा बसला का?"

"न्हाई."

"मग? तुम्हाला इथं काही दिसलं का? भिंत हलली?"

"न्हाई."

"मग झालं काय?"

"काय न्हाई. किती येळ लागतो ते बघितलं."

स्पीकर जरा खरखरला.

"लई येळ लागला, बाळा. घे आत सगळ्यांना. उद्या परत बघू."